ड्रोनयंत्र व घराचा आडोसा : बुधवार पेठेच्या निमित्तानें

वाडे, घाट व बुरूज यांचीं छायाचित्रें आकाशांतून घेण्याची प्रथा इतिहाससंशोधनांत आतां चांगलीच रूढ झाली आहे. पडक्या वाड्याचा चौक कोठें संपतो, हें जमिनीवरून चार दिवस हिंडून कळत नाहीं, तें वरून घेतलेल्या एका चित्रांत कळतें. तेव्हां साधन उपयुक्त आहे, याविषयीं वाद नाहीं. परंतु ज्या वाड्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्या चहूंबाजूंस आजहि माणसें राहतात, आणि वाड्याबरोबर त्यांचीं अंगणें व गच्च्याहि चित्रांत उतरतात. या बाबतींत कायदा काय सांगतो, व जेथें तो मुग्ध आहे तेथें जुन्या व्यवहारांत कांहीं आधार सांपडतो कीं काय, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल पुण्याची बुधवार पेठ घेतली आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. 'ड्रोन' हा शब्द ऐकून कित्येकांस द्रोणाचार्यांची आठवण होते. तसा कांहीं संबंध नाहीं. आपला द्रोण म्हणजे पात्र. त्यांत जन्मले म्हणून आचार्यांस तें नांव. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मधमाशीचा नर असा आहे, व यंत्राचा गुणगुणाट ऐकिला म्हणजे तो अर्थ पटतो. असो.

बुधवार पेठ ही दाट वस्तीची पेठ. तांबडी जोगेश्वरीचें देऊळ, दगडूशेट हलवाई यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेला गणपति, पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक हीं सर्व याच पेठेंत. १८७९ सालीं जळालेला बुधवारवाडाहि येथलाच. जुन्या वाड्याची रचना पाहिली तर तिचें सारें तोंड आंत असे. रस्त्याच्या अंगास जाड भिंत व दिंडीदरवाजा. सोपे, माजघर, न्हाणी, विहीर हीं सर्व आंतल्या चौकांभोंवतीं. बायकांचीं दळणकांडणें व वाळवणें मागल्या चौकांत होत. हा आडोसा चारी बाजूंनीं पक्का असे, वरून मात्र मुळींच नसे. कारण वरून पाहणारा कावळ्याखेरीज दुसरा कोणी नव्हता. ड्रोनयंत्रानें नेमकी तीच बाजू उघडी पाडली.

शेजाऱ्याच्या घरांत डोकावूं नये हा विचार आपणांकडे नवा नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत वास्तुप्रकरणीं, शेजाऱ्यास बाधा होईल अशा रीतीनें समोर दार वा खिडकी ठेवणारास दंड सांगितला आहे, आणि त्यास राजमार्ग व रस्ता यांचा अपवाद केला आहे. हा अपवाद मार्मिक आहे. जें रस्त्यावर चाललें तें सर्वांचें. जें घरांत चाललें तें घरच्यांचें. इंग्रजी अमदानींत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें हीच गोष्ट रूढीच्या रूपानें स्वीकारली. त्याच्या १८ व्या कलमाखालीं जें उदाहरण दिलें आहे तें शेजाऱ्याचा आडोसा मोडेल अशी नवी खिडकी पाडण्यास ज्या गांवीं रूढीनें मनाई असते, त्या गांवाचें आहे. अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें १८८८ सालीं गोकुळप्रसाद विरुद्ध राधो या खटल्यांत स्त्रियांच्या आडोशाचा रूढिसिद्ध हक्क मान्य केला. मात्र रूढि सिद्ध करावी लागे, व ती स्थळपरत्वें बदले. म्हणून हा हक्क कांहीं गांवांस मिळाला, कांहींस मिळाला नाहीं.

हें स्थळाचें बंधन २०१७ सालीं सुटलें. त्या वर्षीं २४ ऑगस्ट रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. परंतु बुधवार पेठेच्या दृष्टीनें आम्हांस त्याहून जुना एक निकाल महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर या भिवंडीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं असें सांगितलें कीं, एखाद्या स्त्रीच्या चारित्र्याविषयीं लोक कांहींहि म्हणोत, तिच्या खासगीपणाचा हक्क त्यामुळें नष्ट होत नाहीं. मन मानेल तेव्हां तिच्या घरांत शिरण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. या पेठेच्या कांहीं गल्ल्यांत वेश्याव्यवसायानें पोट भरणाऱ्या स्त्रिया राहतात, हें सर्वश्रुत आहे. त्यांच्या माड्यांवरून यंत्र फिरवून चित्रें घ्यावयाचीं व तीं लोकांपुढें मांडावयाचीं, हें कौतुकाचें काम नव्हे. दूर गांवीं ज्या मुलास आईचा व्यवसाय ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं तें चित्र पडलें तर काय होईल याचा विचार चित्र घेणारानें करावा.

१ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या ७७ व्या कलमान्वयें, स्त्री खासगी कृत्यांत असतां तिला चोरून पाहणें किंवा तिचें चित्र घेणें हा गुन्हा आहे. पहिल्या वेळीं शिक्षा एक ते तीन वर्षांची. कलम कडक खरें, पण अरुंद आहे. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईस किंवा उघड्या अंगानें पूजेस बसलेल्या म्हाताऱ्यास त्याचा कांहीं उपयोग नाहीं.

उड्डाणाचे नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजीं प्रसिद्ध झाले. त्यांत यंत्रांचे वजनावरून पांच वर्ग आहेत : २५० ग्रॅमपर्यंत, २ किलोपर्यंत, २५ किलोपर्यंत, १५० किलोपर्यंत व त्यावरील. यंत्राची सरकारदरबारीं नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. पहिल्या वर्गाचें यंत्र, आणि दुसऱ्या वर्गाचें बिनव्यापारी कामास वापरलेलें यंत्र सोडून इतरांस चालकाचें प्रमाणपत्र लागतें. हें प्रमाणपत्र १८ ते ६५ वर्षांच्या मनुष्यास मिळतें. आमच्या वयाच्या मंडळींनीं त्वरा केलेली बरी! आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पट्टे केले आहेत. हिरव्यांत सामान्यतः ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. पिवळ्यांत विमानवाहतूक नियंत्रकाची व तांबड्यांत केंद्रसरकारची परवानगी लागते. परंतु चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांच्या टापूंत ही मोकळीक २०० फुटांवर येते. आमची पेठ लोहगांवच्या विमानतळापासून बारा किलोमीटरांच्या आंतच आहे, म्हणून ४०० फुटांचा नियम येथें सांगून भागत नाहीं. उड्डाणापूर्वीं सरकारी नकाशा उघडून त्या दिवशींचा पट्टा पाहिलाच पाहिजे. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय उत्सवाच्या किंवा अन्य प्रसंगीं पोलीस आयुक्तांचा मनाईहुकूम असला तर तो वेगळा पाळावा लागतो.

या नियमांचा सारा रोख अपघात टाळण्यावर आहे. घराच्या आडोशाचें स्वतंत्र प्रकरण त्यांत नाहीं. उलट एक गंमत अशी कीं, यंत्र जितकें खालीं उडेल तितकें तें विमानांस निर्धोक, आणि तितकेंच खालच्या अंगणांस तापदायक. याचें उत्तर नियमांत सांपडत नाहीं. तें आम्हांस पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं सांपडलें.

सोनोरी म्हणजे मल्हारगडाच्या पायथ्याचें, पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचें गांव. केंद्रसरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झाली. त्यापूर्वींच राज्याच्या भूमि-अभिलेख खात्यानें व भारतीय सर्वेक्षण विभागानें या गांवच्या गांवठाणाची ड्रोनद्वारां प्रायोगिक मोजणी केली होती. या मोजणीची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम ग्रामसभा भरवून लोकांस काम समजावून देतात. मग घरमालकांसमक्ष प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारतात. यंत्र उडतें तें त्यानंतर. चित्रांवरून नकाशा झाला म्हणजे तो गांवकऱ्यांपुढें ठेवून हरकती ऐकतात, व शेवटीं मिळकतपत्रिका देतात. म्हणजे वरून पाहणारा कोण, कशासाठीं पाहतो व पाहिलेल्याचें पुढें काय होणार, हें खालच्या मनुष्यास आधीं ठाऊक असतें, आणि त्या पाहण्याचा लाभहि त्यालाच मिळतो. पूर्वींचा मोजणीदार साखळी घेऊन येई तेव्हां सारा गांव त्याच्याभोंवतीं जमे; तीच उघडी मोजणी येथें नव्या यंत्रानें साधली आहे.

शहरांतील संशोधकास ग्रामसभा भरवितां येणार नाहीं. पण वाड्याच्या मालकाबरोबरच भाडेकरूंस व लगतच्या दोनतीन घरांस आदल्या दिवशीं सांगतां येतें. सकाळीं न्हाणीधुणीं चाललीं असतां यंत्र उडवूं नये; दुपारचा वेळ धरावा. सांवल्या आंखूड असल्यामुळें मोजमापासहि तो सोयीचा पडतो. शेजारच्या गच्च्या चित्रांत आल्याच तर छापण्यापूर्वीं तो भाग कापावा, आणि मूळ चित्रें वाटेल त्याच्या हातीं देऊं नयेत. शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकावर तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवांचून यंत्र नेतांच येत नाहीं. ११ जुलै २०२५ रोजीं जागतिक वारशाच्या यादींत आलेल्या रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी इत्यादि बारा किल्ल्यांवर जाणारांनींहि यंत्र पेटींतून काढण्यापूर्वीं तो किल्ला केंद्राच्या संरक्षणाखालीं आहे कीं राज्याच्या, हें पाहून त्या त्या खात्याकडे अर्ज करावा.