पहिली टू-स्ट्रोक डर्ट बाइक कोणती घ्यायची? ६५, ८५, ११२ की १२५

हा भाग बऱ्याच जणांनी मागितला होता, आणि कानांनी ऐकून आकडे लक्षात राहत नाहीत अशी तक्रारही बऱ्याच जणांची होती. म्हणून बोललो ते इथे जरा नीट करून लिहून काढलंय. ट्रॅकवर जायच्या आधी मोबाइलवर उघडून बघा.

सुरुवात एका व्हॉइस नोटने झाली. साताऱ्याकडचा मुलगा, वय १५, वजन ५८ किलो, उंची पाच फूट पाच इंच. शेतात आणि माळावर गावातल्या गाड्या चालवून हात बसलाय. दादाने साडेचार लाख साठवलेत आणि सांगितलंय, ‘एकदाच घेऊ, नीट घेऊ.’ ओळखीत कुणाकडे तरी वापरलेली १२५ आहे आणि तो विकणारा म्हणतोय की पोरगा वाढतोय, आत्ता ८५ घेतलीस तर वर्षात लहान पडेल. प्रश्न एवढाच होता: ‘दादा, १२५ घेऊ का?’

आम्ही त्याला ‘घेऊ नको’ सांगितलं. का, ते सांगतो. पण आधी ही गाडी असते काय ते बघू.

टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्या डोक्यात आरएक्स-१०० येते. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन साधारण शंभर किलो, आणि तो आवाज. तीच कल्पना ताणली की वाटतं, १२५ म्हणजे जरा मोठी आरएक्स. तसं अजिबात नाहीये. केटीएमच्या १२५ एसएक्ससारख्या मोटोक्रॉस बाइकमधून साधारण ४० एचपी निघते. यामाहाची वायझेड-१२५ पेट्रोल भरलेली असताना ९५ किलो भरते. म्हणजे वजन आरएक्सएवढं किंवा कमी, आणि ताकद साडेतीन पट. शिवाय ती ताकद सरळ येत नाही. खालच्या आरपीएमला गाडी झोपलेली वाटते, तुम्ही थ्रॉटल आणखी पिळता, आणि मग एका ठिकाणी ती अशी उठते की हात सुटायची वेळ येते.

हे असं का होतं? टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली जाताना तोच ही पोर्ट उघडतो आणि मिटतो. प्रत्येक फेरीला एक स्फोट, म्हणून छोट्या इंजिनातून एवढी ताकद. पण नवीन मिश्रण आत येतं तेव्हा जळालेला धूर बाहेर जात असतो, आणि थोडं न जळालेलं पेट्रोलही त्याच्याबरोबर पळतं. ते परत आत ढकलायचं काम सायलेन्सरच्या आधीचा तो फुगलेला पाइप करतो. पाइपातून दाबाची लाट परत येते आणि निसटलेलं मिश्रण आत दाबते. पण ही लाट ठरावीक आरपीएमलाच वेळेवर पोचते. ती जुळली की गाडी ‘पाइपवर आली’ म्हणायचं. एक्झॉस्ट पोर्टची उंची कमी-जास्त करणारा पॉवर व्हॉल्व्ह आल्यापासून हा पट्टा रुंद झालाय, तरी १२५ म्हणजे सतत गिअर बदलत, क्लच मारत इंजिन वरच्या आरपीएमला ठेवायची गाडी. म्हणूनच मोटोक्रॉसवाले म्हणतात की १२५ माणसाला चालवायला शिकवते. कोपऱ्यात स्पीड सोडलात तर नुसता थ्रॉटल पिळून तो परत मिळत नाही.

मग घ्यावी ना १२५? थांबा.

क्लास आधी, गाडी नंतर

रेसिंगची गाडी घेताना पहिला प्रश्न ‘किती सीसी आवडते’ हा नसतो. ‘मला कुठल्या क्लासमध्ये उतरायचंय’ हा असतो. जागतिक पातळीवर मुलांचे क्लास ६५, ८५ आणि १२५ असे लागतात. मोठ्यांच्या एमएक्स-२ क्लासमध्ये १२५ टू-स्ट्रोक चालते, पण समोर २५० फोर-स्ट्रोक असतात. आपल्याकडे पुण्यात २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, बालेवाडीला. त्यात ज्युनियरसाठी ८५ सीसीचा क्लास होता आणि बाकी सगळं २५० आणि ४५० चं.

आता विचार करा. १५ वर्षांचा मुलगा १२५ घेऊन गेला तर तो उभा कुठे राहणार? ८५ मध्ये बसत नाही. वरच्या क्लासमध्ये त्याच्यासमोर २५० वाले अनुभवी रायडर. म्हणजे साडेचार लाखाची गाडी घेऊन शेवटून दुसरा यायचं. म्हणून आधी ज्या रेसला जायचंय तिचं सप्लिमेंटरी रेग्युलेशन मागवा. एफएमएससीआयच्या लायसन्सच्या रेस असतील तर ते मिळतंच. त्यात क्लास, सीसीची हद्द आणि वयाची अट लिहिलेली असते. ती पानं कंटाळवाणी आहेत, पण बाइकच्या रिव्ह्यूच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त पैसे वाचवतात.

याच कारणासाठी कावासाकीच्या केएक्स-११२ बद्दल सावध राहा. गाडी झकास आहे. ११२ सीसी, वजन ७७ किलो, ८५ आणि १२५ च्या बरोबर मधली. ८५ लहान पडते आणि १२५ उंच पडते अशा शरीराला सुंदर बसते. पण ११२ म्हणजे ८५ नाही. ज्या रेसमध्ये ज्युनियर क्लास ८५ वर संपतो तिथे तुम्हाला मोठ्यांमध्ये उभं करतील. सरावासाठी आणि खुल्या क्लाससाठी घेणार असाल तर खुशाल घ्या.

नव्या गाड्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने भारतात ५० एसएक्स, ६५ एसएक्स आणि ८५ एसएक्स आणल्या. त्या वेळची एक्स-शोरूम किंमत अनुक्रमे ४.७५, ५.४७ आणि ६.६९ लाख. त्या यादीत १२५ नव्हती. म्हणून तुमच्यासमोर येणारी १२५ बहुतेक वेळा कुणीतरी बाहेरून आणलेली आणि दोन-तीन हात फिरलेली असते. आयातीचे कागद, कस्टमची पावती, इंजिन आणि चेसिस नंबर जुळतात का, हे बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि हो, यातली कुठलीच गाडी आरटीओत पासिंग होत नाही. या फक्त बंद ट्रॅकच्या गाड्या. ट्रॅकपर्यंत टेम्पोतून न्यायची. ‘गल्लीत एक चक्कर’ मारताना अल्पवयीन पोरगा सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमाखाली पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दादाला हे आधी सांगा.

अंगाला बसते का?

‘पुढे वाढेल’ म्हणून शाळेचा गणवेश दोन साइज मोठा घेतात, तसं डर्ट बाइकचं करू नका. गणवेश मोठा झाला तर बाही दुमडता येते. इथे सुरू करताना पाय टेकला नाही की गाडी अंगावर येते, आणि पंधराव्या वेळी पडल्यावर ती उचलायची असते तुम्हालाच. वजन हलकं का हवं, ते इथे कळतं. आपली एक्सपल्स २०० सुमारे १६० किलो आहे. माळावर शिकायला ती उत्तम, स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारी. पण थकलेल्या हातांनी चिखलातून ती उचलणं आणि सत्तर किलोच्या आसपासची ८५ उचलणं यात रेसचा निकाल असतो.

सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले की पुरे, पूर्ण तळवे टेकायची गरज नाही. मग फूटपेगवर उभे राहा. हँडल मांड्यांना लागतंय, पाठ वाकते? गाडी लहान आहे. ८५ मध्ये दोन चाकांच्या जोड्या येतात: पुढे १७ मागे १४, आणि पुढे १९ मागे १६. दुसरीला बिग व्हील म्हणतात. पाच फूट पाच इंचाच्या आमच्या मित्राला बिग व्हीलच हवी.

स्प्रिंग हा भाग सगळे विसरतात. कंपनीने एका ठरावीक वजनाच्या रायडरसाठी स्प्रिंग घातलेली असते. ८५ ची मूळ स्प्रिंग हलक्या पोरांसाठी असते, ५८ किलोच्या मुलाखाली ती जास्तच दबते, मागचा भाग बसतो आणि पुढचं चाक कोपऱ्यात पकड सोडतं. पूर्ण गिअर घालून बसल्यावर मागचं सस्पेन्शन त्याच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश दबायला हवं. त्याहून खूप जास्त दबत असेल तर कडक स्प्रिंग टाका. नव्या चकचकीत पाइपपेक्षा हा खर्च जास्त उपयोगी.

माझी चूक

आता जी गोष्ट सांगतोय ती मला महागात पडली. वापरलेली ८५ होती, मे महिन्यात पुण्याजवळ कार्बोरेटर सेट करून घेतलेला. मस्त चालली. डिसेंबरातल्या एका पहाटे, अंगावर स्वेटर, लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटल. आवाज जरा पातळ, कोरडा झाला. मला वाटलं, वा, काय पळतेय! तीन सेकंदांत मागचं चाक लॉक. पिस्टन चिकटला. क्लच दाबायला उशीर झाला आणि मी गवतात.

झालं काय होतं? थंड हवा घट्ट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त. कार्बोरेटरच्या जेटला ते कळत नाही, तो जवळपास तेवढंच पेट्रोल सोडतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण लीन. लीन मिश्रण जास्त तापतं. आणि या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. पुण्याची गाडी हिवाळ्यात घाट उतरून गोव्याला नेलीत तरी हाच धोका, कारण खाली हवा आणखी घट्ट. तेव्हा एक नंबर मोठा मेन जेट टाकायचा. नव्या १२५ एसएक्समध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे ही डोकेदुखी बरीच कमी. पण आपल्या बजेटमधल्या गाड्या कार्बोरेटरच्याच.

‘मग ऑइल जास्त घालू’ असं बरेच जण करतात. उलटं होतं! ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं आणि मिश्रण आणखी लीन होतं. मॅन्युअलमध्ये जे प्रमाण दिलंय तेच घ्या. ३२:१ असेल तर पाच लिटर पेट्रोलला १५६ मिली, ४०:१ असेल तर १२५ मिली. मापाचा कप वापरा, बाटलीच्या झाकणाचा अंदाज नको. आणि आता आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटवर गाडी आणखी लीन. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. मिसळलेलं पेट्रोल महिनाभर कॅनमध्ये ठेवून नंतर टाकू नका.

खरा फटका नंतर बसला. गावातल्या गॅरेजवाल्याने विश्वासाने सांगितलं, ‘बोअर करू, ओव्हरसाइज पिस्टन टाकू.’ आरएक्सला ते चालतं, कारण तिच्या सिलिंडरमध्ये बिडाची स्लीव्ह असते. मोटोक्रॉस बाइकच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, कडक थर असतो. बोअर केलं की तो थरच जातो. माझा गेला. थर परत चढवून घेण्यात आठवडे गेले आणि सीझन संपला.

वापरलेली बघायला जाल तेव्हा

इंजिन थंड असताना पोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्या, थंड गाडी किती किकमध्ये सुरू होते तेच तर बघायचंय. कॉम्प्रेशन गेज सोबत न्या. एअर फिल्टर उघडा. आत धुळीची पेस्ट दिसली तर पिस्टन नवीन आहे म्हणून सांगितलेलं विसरा, त्या माणसाने गाडी कशी ठेवली ते कळलं. मागचं चाक धरून वर-खाली हलवा, लिंकेजच्या बेअरिंगची खडखड हाताला लागते. शेवटचा पिस्टन कधी बदलला ते तासांत विचारा. या गाड्यांचा हिशेब किलोमीटरचा नसून तासांचा असतो, आणि ज्याला उत्तर येत नाही त्याच्या किमतीतून पिस्टन किटचे पैसे वजा करा. पिस्टन, रिंग, पिन, गॅस्केट एवढंच काम असतं, शिकलात तर घरी एका दुपारी होतं. २५० फोर-स्ट्रोकचे व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेन काढायला लागलात की छोट्या टू-स्ट्रोकचं प्रेम कळतं.

साताऱ्याच्या मित्राला आम्ही शेवटी हे कळवलं: कागद असलेली, वापरलेली ८५ बिग व्हील शोध. तीन लाखांच्या आत बसव. उरलेल्या पैशांत हेल्मेट, बूट, छाती-पाठीचं आर्मर आणि गुडघ्याचे गार्ड आधी, मग कडक स्प्रिंग, दोन पिस्टन किट आणि टायर. एक सीझन चालव आणि मग वीस किलो जड गाडी हवी का ते तुझं तूच सांग.

त्याचा रिप्लाय आला: ‘दादा म्हणतोय बूट एवढे महाग का?’ त्यावर वेगळा भाग करतोय, पुढच्या शुक्रवारी.