‘मायरिंजायटिस’ म्हणजे काय हो?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. हैदराबादच्या जामबागेतून रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला.

“दादा, सोनूला मेनिंजायटिस झालाय रे!” आवाज रडवेला. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह. माझेही हातपाय गार पडले. तरी धीर करून म्हटले, “डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे नाव एकेक अक्षर करून वाच बघू.” ती वाचू लागली, “एम, वाय, आर...” नाव निघाले ‘मायरिंजायटिस’. म्हणजे कानाच्या पडद्याचा दाह! दोघांनीही सुस्कारा सोडला.

जामबाग आपल्या बिदर-भालकीकडच्यांना परके नाही. १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी तिथलीच, आणि कोठीचे सरकारी कान-नाक-घसा रुग्णालयही जवळच. १९५६ साली जुने हैदराबाद राज्य विभागले गेले. बिदर कन्नड मुलखात गेले, मराठवाडा मुंबई राज्यात आला. पण सोयरिकी आणि दवाखान्याच्या फेऱ्या चालूच राहिल्या.

बहिणीचा गोंधळ तसा अगदीच चुकीचा नव्हता. या दोन्ही नावांचे मूळ पातळ पडदा या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दाकडे जाते. पुढे एक नाव मेंदूच्या आवरणाला मिळाले, दुसरे कानाच्या पडद्याला. शेवटचे ‘आयटिस’ मात्र आपल्या ओळखीचे आहे. टॉन्सिलायटिस, ब्राँकायटिस यांतलेच ते, अर्थ दाह. कन्नडमध्ये याला सुंदर शब्द आहे, ‘उरियूत’. उरि म्हणजे आग, ऊत म्हणजे सूज. रोगाची दोन्ही लक्षणे एकाच शब्दात आली. कानाच्या पडद्याला कन्नडमध्ये ‘किवि तमटे’ म्हणतात. तमटे म्हणजे हलगीसारखे चामडी वाद्य.

ही तमटे केवढी? जेमतेम एक सेंटिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी पातळ. सर्दी-खोकल्यानंतर कधी कधी तिच्यावर पाण्याने भरलेले फोड येतात. कान अचानक ठणकू लागतो, मूल रात्रभर तळमळते. फोड फुटला की रक्ताळ पाणी येते आणि ठणका कमी होतो. ते पाहून घरचे घाबरतात, पण पाणी आले म्हणजे पडदा फाटलाच असे नव्हे. ते दुर्बिणीतून पाहून डॉक्टरच सांगू शकतात. दुसरा एक प्रकार रेंगाळणारा असतो. त्यात दुखणे फारसे नसते, पण कान वाहत राहतो. म्हणूनच “किवि सोरतदे, होतंय आपोआप बरं” असे म्हणून बसू नये.

सोनूची आजी एव्हाना लसूण घालून तेल कढवत होती. बहिणीला म्हटले, “अत्तींना सांग, आज तेल नको.” आजीचा हेतू मायेचाच, पण पडद्याला भोक असले तर कानात घातलेले तेल थेट आत उतरते. कापसाची काडी, हेअरपिन, मागच्या वेळचे उरलेले ड्रॉप्स यांनाही हीच मनाई. कान कोरडा ठेवावा, दुखणे थांबवणारे औषध डॉक्टरांना विचारून द्यावे. प्रतिजैविक लागेल की नाही, तेही त्यांनाच ठरवू द्यावे. बहुतेक मुले काही दिवसांत बरी होतात. नंतर ऐकू कमी येते आहे असे वाटले तर तपासणी जरूर करावी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ताप, मान ताठ होणे, वारंवार उलट्या, मूल सुस्त पडणे, असे काही दिसले तर चिठ्ठीवरचे नाव वाचत बसू नका. तडक मोठे रुग्णालय गाठा. तिथे मेनिंजायटिसची शंका खरोखरच घ्यावी लागते.

आठवड्याने सोनूच फोनवर आला. “मामा, आता दुखत नाही. पण अज्जी अजून तेलाची वाटी घेऊन बसलीय!”

पुढच्या वेळी डॉक्टर असे एखादे नाव लिहितील तेव्हा एवढेच विचारा, “डॉक्टरसाहेब, हे नेमके कुठल्या अवयवाचे?” मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. विचारायला संकोच नको. रात्रभराचा घोर त्याने वाचतो.