मुळशीच्या डोंगरावर देशोदेशीची मुलं

पौडजवळच्या डोंगरावर १९९७पासून 'यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज' आहे. यूडब्ल्यूसी म्हणजे 'युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस' ही शैक्षणिक चळवळ; तिचं पहिलं कॉलेज १९६२ साली वेल्समध्ये निघालं. त्यामागं शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांची धारणा अशी होती, की शीतयुद्धात एकमेकांकडे संशयानं पाहणाऱ्या देशांची मुलं एकत्र राहिली, तर ती एकमेकांना शत्रू मानणार नाहीत. पौडजवळच्या या कॉलेजातही वेगवेगळ्या देशांची मुलं दोन वर्षं एकत्र राहून आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा करतात. मला सर्वांत भावतं ते आवारातलं राखीव जैवविविधता क्षेत्र! सह्याद्रीचा पाऊस, उन्हाळ्यातले वणवे, पुन्हा उगवणारं गवत हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्याच डोंगरावर राहून पाहणं वेगळं. आर्थिक गरजेनुसार शिष्यवृत्तीही मिळते. घरात कुणी दहावीला असेल, तर प्रवेशाची माहिती जरूर काढा.