भरतीरेषेच्या वर

समुद्रात रोवलेला लोखंडी खांब कुठं सर्वांत जास्त गंजतो? अनेक वर्षं मीही ‘पाण्याखाली’ असंच म्हणत असे. अभियांत्रिकीचं शिक्षण मी घेतलेलं नाही. जे कळलं ते पुस्तकांतून आणि ओहोटीला जेटीखाली उभं राहून. कोकणातल्या एका जुन्या जेटीनंच माझा समज खोटा पाडला. तिचे खांब खाली जाडजूड होते. खंगले होते ते भरतीरेषेच्या जरा वर.

गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. मीठ ही क्रिया वेगानं घडवतं. पाण्याखाली मीठ भरपूर, पण विरघळलेला प्राणवायू लिटरमागे काही मिलिग्रॅमच. तिथं उघडं पोलाद वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजतं. लाटांचे शिंतोडे उडतात तिथं मात्र पाण्याचा थर पातळ असतो, त्यातून हवेतला प्राणवायू सहज आत पोचतो आणि सुकताना मीठ साचत जातं. झीज कित्येक पटींनी वाढते.

पाण्याखालच्या धातूला वाचवण्याची युक्ती जुनी आहे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. आज खांबांना जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे बांधतात ते याच तत्त्वावर. पण ठोकळ्यापासून खांबापर्यंत वीज वाहून नेणारं सलग पाणी हवं. शिंतोड्यांच्या पट्ट्यात ते नसतं. तिथं भिस्त रंगावर आणि वेळेवर रंग लावणाऱ्या माणसांवर.

ही भिस्त किती मोठी असते, ते रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबनच्या रेल्वेपुलानं दाखवलं. १९१४ साली खुला झालेला हा पोलादी पूल खाऱ्या वाऱ्यात शतकभर तगला तो सततच्या डागडुजीमुळे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची रेल्वे थांबली. २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलात स्टेनलेस स्टीलच्या सळया आणि पॉलिसिलोक्सेनचा लेप आहे.

माझ्या पाहण्यातल्या त्या जेटीवर आजही लाँच लागते. पोरं वरून सूर मारतात. वरचा कठडा नेमानं रंगवला जातो, कारण तो सगळ्यांना दिसतो. ज्या पट्ट्यावर तिचं आयुष्य अवलंबून आहे, तो बघायचा तर ओहोटीची वेळ गाठून चिखलात उतरावं लागतं.