देशांची सज्जता मोजायची कशी?

हवामान बदलते आहे, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न उरतो तो असा की, या बदलाची झळ कोणत्या देशाला अधिक लागेल आणि ती सोसून उभे राहण्याची तयारी कोणाजवळ किती आहे? या दोन गोष्टी एक नव्हेत. नदीकाठच्या दोन घरांना पुराचे भय सारखेच असते. परंतु एकाचे जोते उंच असेल आणि घरात नाव बांधलेली असेल, तर दोघांची स्थिती सारखी राहत नाही.

अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठ १८० हून अधिक देशांची अशी तुलना करणारे एक कोष्टक तयार करीत असते. त्यात प्रत्येक देशाला दोन निराळे गुण दिले जातात. पहिला झळ लागण्याच्या शक्यतेचा. अन्न, पाणी, आरोग्य, निसर्गसंपत्ती, वस्ती आणि रस्ते-विजेसारख्या सोयी या सहा बाबतींत देश किती उघडा आहे, हे त्यावरून कळते. दुसरा गुण सज्जतेचा. देशाची आर्थिक घडी, राज्यकारभार आणि समाजस्थिती अशी आहे काय, की संरक्षणासाठी घातलेला पैसा सत्कारणी लागेल? या हिशेबात नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तो देश, सुस्थितीत दिसतो. बांगलादेश आणि म्यानमार, म्हणजे आपला जुना ब्रह्मदेश, हे दोघे मात्र झळ जास्त आणि सज्जता कमी अशा एकाच कोपऱ्यात बसतात.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. त्यामुळे कोणतेही कोष्टक पुढे आले की, त्या सरासरीच्या पोटात कोण दडला आहे, हे पाहण्याची आम्हांस खोड जडली आहे. म्हणून या तीन देशांचा इतिहास थोडा उलगडून पाहू.

हॉलंडची सुमारे चौथाई भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. तेथे बंधाऱ्यांची राखण करणारी लोकांची मंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. ती आजही निवडणुकीने भरतात आणि स्वतःचा कर वसूल करतात. तरीही ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्राने बंधारे फोडले आणि १,८३६ माणसे बुडाली. बंधारे कच्चे आहेत हे जाणकारांना ठाऊक होते. वादळाचा इशाराही निघाला होता. परंतु रात्र शनिवारची, नभोवाणी मध्यरात्री बंद झालेली. लोक झोपेत राहिले. त्यानंतर देशाने पिढ्यान् पिढ्या पुरेल असे काम हाती घेतले. खाड्यांची मुखे बांधली आणि रॉटरडॅमजवळचा प्रचंड दरवाजा १९९७ मध्ये उभा राहिला. आजची सज्जता ही त्या रात्रीची शिकवण होय.

आता बांगलादेश पाहा. १९७० च्या नोव्हेंबरात, तो पूर्व पाकिस्तान असताना, तेथील चक्रीवादळात अंदाजे ३ ते ५ लाख माणसे गेली. १९७२ पासून रेड क्रॉसने गावोगाव स्वयंसेवक उभे केले. हातात कर्णा, खांद्यावर निशाण, बैठकीला सायकल, एवढेच त्यांचे साहित्य! १९९१ च्या वादळात पुन्हा सव्वा लाखाहून अधिक मेले, त्यांत स्त्रिया फार होत्या. आसरे थोडे होते, त्यांत स्त्रियांसाठी निराळी खोली नव्हती, आणि गुरे सोडून जायला माणसे तयार नव्हती. पुढे बांधलेल्या आसऱ्यांत स्त्रियांची सोय झाली, गुरांनाही जागा झाली. २००७ मध्ये ‘सिद्र’ हे भयंकर वादळ आले, तेव्हा मृतांचा आकडा सुमारे ३,४०० वर राहिला. आज या स्वयंसेवकांची संख्या सत्तर हजारांच्या वर असून त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत.

आणि त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, मे २००८ मध्ये, ‘नर्गिस’ वादळ म्यानमारमधील इरावतीच्या मुखाशी धडकले. भारतीय हवामान खात्याने तेथील सरकारला आधी कळविले होते. तथापि ती सूचना झोपडीपर्यंत पोचली नाही. पोचली असती तरी जायला आसरा नव्हता. तो किनारा अशा वादळांना सरावलेला नव्हता हेही खरे. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा सुमारे १ लाख ३८ हजारांवर गेला. वादळानंतर लष्करी राजवटीने परदेशी मदतीची वाट काही आठवडे अडवून धरली.

कोष्टकातील एकाच कोपऱ्यातले हे दोन देश. पण मृत्यूंत चाळीसपटीचे अंतर! ते पैशाने पडलेले नाही. बांगलादेशही गरीबच होता. १९५३ चे हॉलंड आणि २००८ चा म्यानमार यांच्यात संपत्तीचे साम्य नाही. पण दोन्हीकडे इशारा वरच्या पायरीवर अडला आणि खालचा माणूस बेसावध राहिला. म्हणून सज्जतेची खरी कसोटी दोन प्रश्नांत आहे. सूचना शेवटच्या घरी पोचते काय? आणि ती पोचल्यावर त्या घरातल्या माणसाला निघणे परवडते काय? ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली की चूल विझते, तो इशारा ऐकूनही कामावरच राहतो. अशा दिवसाची भरपाई कोण देणार, हे ठरलेले नसेल तर कर्ण्याचा आवाज वाऱ्यावर जातो.

मात्र यावरून कोणी असे म्हणू नये की, गरीब देशांनी संघटित व्हावे म्हणजे झाले. संघटनेने जीव वाचतो. खारे पाणी शिरलेले शेत वाचत नाही, वाहून गेलेले घर परत येत नाही. त्याला बंधारे लागतात, आणि बंधाऱ्यांना पैसा लागतो. बांगलादेशात माणशी वर्षाला एक टनाहूनही कमी कर्बवायू सोडला जातो. ज्यांच्या चिमण्यांनी हवा तापवली, त्यांनी या खर्चातला वाटा उचलणे हा दानधर्म नव्हे, ते देणे आहे.

कोष्टके अवश्य वाचावीत. कोठे पाहावे हे ती सांगतात. परंतु देशाचा गुण वाचून झाल्यावर आपल्या गल्लीकडेही एकदा पाहावे. उद्या पहाटे तीन वाजता पाणी चढले, तर सर्वांत खालच्या वस्तीचे दार कोण ठोठावणार? त्याचे नाव आज सांगता येत असेल, तर आपण थोडे तरी सज्ज आहोत.