शिकलगारांचे हात, तंबोऱ्याची तार

घरच्या कारखान्यात हाताने तंतुवाद्य घडवणारे गाव म्हणजे मिरज. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. हत्यारांची मागणी घटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी त्याच हुनराला वाद्यांकडे वळवले. पंढरपूर भागातला वाळलेला भोपळा, त्याला लाकडी दांडी, वर घोडी. तार भरून बोलेपर्यंत घोडीचा माथा घासत राहायचा. याला जवारी काढणे म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज चुंबकावर आणि विजेवर वाढतो. तंबोऱ्याची सारी भिस्त भोपळ्यावर आणि कारागिराच्या कानावर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाईल. कान तयार व्हायला मात्र घरातल्या मुलांनी वडिलांशेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते.