काळं सगळेच देतात, करडं कोण देतं?

कागदावरचा उजेड : लेखांक ६

गेल्या आठवड्यात कागद झाला, आता शाई. प्रिंटर एका कंपनीचा आणि शाई भलत्याच कोणाची, हा संसार आपल्याकडे नवा नाही. बाजारात तिला ‘कॉम्पॅटिबल’ म्हणतात. अशा काळ्या शाईच्या तीन बाटल्या आणून तिन्हींनी एकेक काळा चौकोन छापला, तर हातभर अंतरावरून फरक सांगता यायचा नाही. दुकानदार दाखवतो तोही चौकोनच. काळं सगळेच देतात.

त्याच तीन शायांनी आता एक फोटो छापू. समजा, कांबरेश्वराचा. भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की कांबरे बुद्रुकचं हे देऊळ वेळवंडीच्या पात्रात उघडं पडतं. इतके महिने बुडून राहिलेला दगड, त्यावर वाळून तडकलेला गाळ, पायाशी अजून ओलाच असलेला गाळ आणि मागे उन्हाच्या धुरकटीत विरत गेलेले डोंगर. यात ठार काळं कुठे आहे? दाराच्या आत, तेवढंच. उरलेला सगळा फोटो करड्यावर उभा आहे. वाळलेल्या आणि ओल्या गाळातला फरक दिसला तर फोटो, नाहीतर नुसता काळपट डाग. म्हणून शाईची तुलना करताना पहिला प्रश्न ‘किती काळी?’ हा नाहीच. करडं कशातून बनवलंय, हे आधी विचारायचं.

स्टुडिओत हमखास दिसणारे एप्सनचे एल ८०५ किंवा एल १८०० घ्या. टाक्या सहा : काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, फिका सायन, फिका मॅजेंटा. करडी शाई एकही नाही. फोटो पेपर निवडला की फिकट छटांसाठी ड्रायव्हर रंगीत शायांची भेसळ करतो. ‘ग्रेस्केल’वर टिचकी मारून यातून पुरती सुटका होत नाही. मिश्रणाचा तोल थोडा ढळला की करडं हिरवट तरी होतं, नाहीतर जांभळट. ट्यूबलाइटखाली झकास दिसणारा फोटो अंगणात नेल्यावर वेगळाच दिसतो, तो याच कारणाने. त्यात या शाया विरघळणाऱ्या रंगांच्या, म्हणजे ‘डाय’च्या. उजेडाने त्यांचे रेणू मोडतात आणि प्रत्येक रंग आपापल्या गतीने उडतो. वर्षा-दोन वर्षांत भिंतीवरच्या आजोबांच्या चेहऱ्यावर जी लाली चढते, ती तब्येतीची नसते.

अशा प्रिंटरमध्ये नुसती काळी बाटली बदलून कार्बनची भरली, तर बदल होतो तो गडद भागापुरता. आजोबांचे गाल रंगीत डायमधूनच येत राहतात. ‘कार्बन शाई भरली, तरी फोटो उडाला’ ही तक्रार मी बऱ्याचदा ऐकतो. तिथे दोष बहुतेक वेळा कार्बनचा नसतो.

कार्बन टिकतो हे भोरकरांना कोणी शिकवायला नको. भोर हे संस्थानच सचिवांचं. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळालं आणि त्यांच्या घराण्याने १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत इथे राज्य केलं. सचिव म्हणजे सुरनीस, सरकारी कागद तपासून रुजू करणारा. त्या काळची मोडी दफ्तरं काजळीच्या, म्हणजे कार्बनच्याच, शाईने लिहिलेली असत. दिव्याची काजळी, डिंक, पाणी, भरपूर घोटाई आणि लिहायला बोरू. आज असा रुमाल सोडला तर कागद पिवळा पडलेला असतो, कडा झडतात, कसरीने जाळी केलेली असते, पण अक्षर काळंच्या काळं. युरोपातल्या मायफळ आणि हिराकसाच्या शाईचं उलटं झालं. ती काळीची तपकिरी झाली आणि कित्येक ठिकाणी तिने कागदच खाल्ला. काजळी मुळात जळून उरलेली वस्तू; उन्हाने तिचं आणखी काय बिघडायचं?

तिची खोड मात्र आजही तीच आहे. ती कागदात मुरत नाही, वर बसते. मोडी कागदावर ओलं बोट फिरलं की अक्षर उठतं. आजच्या पिग्मेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या कणांच्या, शाईत ते कण धरून ठेवणारी रसायनं बरीच सुधारली आहेत, तरी मॅट कागदावर छापलेल्या गडद भागावर नख ओढून पाहा, चकाकती रेघ उमटेल. काच किंवा वार्निश हवंच.

दुसरी गोष्ट रंगाची. शुद्ध कार्बनचं करडं तटस्थ नसतं, उबदार असतं, तपकिरीकडे झुकलेलं. वेल्ह्याकडच्या जुन्या घरात चुलीमागची भिंत पाहा. जिथे धूर वर्षानुवर्षं बसला तिथे कोळशासारखी काळी आणि कडेला, जिथे थर पातळ होत गेला, तिथे चहाच्या रंगाची. काजळी दोन्हीकडे एकच. अतिबारीक कण लाल उजेडापेक्षा निळा उजेड जास्त शोषतात, म्हणून पातळ थर तपकिरी दिसतो. शाई पातळ करून करडं बनवलं की नेमकं हेच होतं. कांबरेश्वराच्या दगडाला ही ऊब शोभते. राजगडावरच्या पावसाळी धुक्याला शोभेलच असं नाही. तिथे थंड करडं हवंसं वाटतं. ते आणायचं तर कार्बनमध्ये निळसर किंवा जांभळट रंगीत पिग्मेंट मिसळावं लागतं आणि उडालाच तर आधी तो रंग उडतो. ‘न्यूट्रल’ लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत हा सौदा झालेला असतो. लेबलवर तो लिहिलेला नसतो.

परक्या कंपन्यांच्या कार्बन शायांत जगभर नाव आहे ते पिएझोग्राफीचं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जॉन कोन यांनी ती २००० साली बाजारात आणली. पुढच्या ‘के ७’ संचात काळ्यापासून अगदी फिकट करड्यापर्यंत सात पायऱ्या होत्या. सगळ्या टाक्यांत करडंच, रंगीत एकही नाही. फिकट भाग फिकट शाईनेच छापला जात असल्याने आभाळात ठिपके दिसत नाहीत. हीच तिची खरी कमाई. त्यांच्या संचांत निव्वळ कार्बनचाही आहे आणि रंग मिसळून थंड केलेलेही आहेत, तेव्हा ‘पिएझोग्राफी टिकते’ हे वाक्य अर्धवट आहे. कोणता संच, ते विचारावं.

दुसरी वाट पॉल रोर्क यांची. कॅलिफोर्नियाच्या या निसर्गछायाचित्रकाराने ‘एबोनी’ नावाची एकच मॅट काळी कार्बन शाई घेतली, ती रंगहीन द्रावात वेगवेगळ्या प्रमाणात पातळ केली आणि सगळी कृती लोकांसाठी खुली ठेवली. घरी मोजपात्र घेऊन बसायची तयारी हवी, पण खर्च कितीतरी कमी येतो. फोटो उबदार येतो आणि एबोनी ग्लॉसी कागदावर चालत नाही. मला विचाराल तर आपल्या डोंगर-देवळांच्या फोटोंना हीच वाट बरी. दोन्हींसाठी ड्रायव्हर मात्र वेगळा घ्यावा. रॉय हॅरिंग्टन यांचा ‘क्वाडटोन रिप’ त्यासाठीच आहे.

तिसरा प्रकार आपल्या बाजारातला, लेबलवर नुसतं ‘पिग्मेंट ब्लॅक’. यातही कार्बनच असतो, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. कार्बन ब्लॅक दुर्मीळ नाही. घाटाखाली पाताळगंगेला बिर्ला कार्बनचा कारखाना आहे आणि या मालातला मोठा वाटा जगभर टायरमध्येच जातो. किंमत असते ती कण बारीक करण्याची आणि ते तरंगत ठेवण्याची. प्रिंटहेडचं छिद्र साधारण २० मायक्रॉनचं. कण त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढे असले तरी गठ्ठा झाला की वाट बंद. बिलं आणि दाखले छापायला ही शाई उत्तम, पण पातळ केली की काही बाटल्यांत शाई फाटते आणि कण खाली बसतात. बाटली आठ-दहा दिवस न हलवता ठेवा आणि मग हळूच उलटी करा. तळाशी साका चिकटलेला दिसला तर ती फोटोसाठी नाही. हे ऐकून कोणी चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई भरून पाहील, म्हणून सांगतो, तिच्यात बहुधा लाख असते. वाळली की हेड कायमचं गेलं.

टिकाऊपणासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी प्रत्येक शाईने एकाच कागदावर छापा. निम्मी पट्टी काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीला आतून चिकटवा. एक उन्हाळा जाऊ द्या. पुठ्ठा काढल्यावर मधल्या पायऱ्यांवर नजर ठेवा, काळ्या टोकावर नको. पायरी फिकटली की रंग बदलला, हे वेगवेगळं टिपा. रंग बदलला असेल तर शाईत कार्बनखेरीज काही होतं. पांढरं टोकच पिवळं पडलं असेल तर दोष कागदातल्या चमक आणणाऱ्या रसायनाचा. त्याबद्दल गेल्या आठवड्यात बोललोच आहोत.

राहता राहिला व्यवहार. कार्बनचा संच भरलेला प्रिंटर रंगीत छापत नाही. पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या अल्बमवर चालणाऱ्या स्टुडिओने आपला एकुलता प्रिंटर यात घालू नये. जुना, हेड शाबूत असलेला दुसरा मिळाला तरच हा उद्योग. महिन्यातून दोन-तीनच फोटो काढणाऱ्याने तर बाहेरून छापून घ्यावेत, कारण न वापरलेल्या हेडमध्ये पिग्मेंट बसतं. आणि पावसाळ्यात वेल्ह्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड टोपीवर परतत नाही, कागदाच्या मधोमध उघडं राहतं आणि तिथेच सुकतं. छोटा यूपीएस आधी घ्या, मग शाई.

पुढच्या आठवड्यात क्वाडटोन रिप संगणकावर चढवू आणि याच एकवीस पायऱ्यांच्या पट्टीवरून पहिला कर्व्ह काढू. पट्टी तोवर छापून ठेवा. छापल्यावर निदान एक दिवस वाळू द्या. दमट हवेत दोन दिलेत तर आणखी बरं.